वीस डॉलरचा दात

"माझा दात किडका होता का?"

शेजारच्या मुलाने हे मला विचारलं तेव्हा आम्ही कोपऱ्यावर शाळेच्या बसची वाट बघत उभे होतो. मार्च महिना, न्यू जर्सीतल्या एडिसनमधली ती ओली, हाडात शिरणारी थंडी, रस्त्याच्या कडेला काळपट पडलेला बर्फाचा शेवटचा ढीग. माझ्या लेकीने नुकतंच खालच्या फटीतून जिभेचं टोक बाहेर काढून सगळ्यांना सांगून टाकलं होतं की काल रात्री टूथ फेअरी, म्हणजे पडलेला दात नेऊन उशीखाली पैसे ठेवणारी परी, आली आणि वीस डॉलर ठेवून गेली. तो तिच्याच वर्गातला, पहिलीतला. त्याचा दात तिच्या आधी चार दिवस पडला होता आणि त्याला एक डॉलर मिळाला होता. तो चिडला नाही, खोटं बोलतेस असंही म्हणाला नाही. थोडा वेळ बुटाच्या टोकाने बर्फ उकरत राहिला आणि मग, मोठ्या माणसाला माहीत असणार अशा विश्वासाने, माझ्याकडे वळला. मी तोंड उघडलं, तेवढ्यात बस आली. दार उघडलं, दोघं चढली, बस गेली. खरं तर माझ्याजवळ उत्तर नव्हतंच. बस आली म्हणून मला हायसं वाटलं, आणि ते हायसं वाटणंच मग दिवसभर टोचत राहिलं.

वीस डॉलर ठेवायचं आम्ही ठरवलेलं नव्हतं. दात पडला शाळेत, डब्यातलं सफरचंद चावताना. शाळेतल्या नर्सबाईंनी तो दाताच्याच आकाराच्या छोट्याशा प्लास्टिकच्या डबीत घालून, डबी दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात बांधून पाठवली. वर्गात भिंतीवर एक तक्ता आहे, कोणत्या महिन्यात कुणाचे किती दात पडले त्याचा. सप्टेंबरपासून तिचं नाव त्या तक्त्यावर नव्हतं आणि त्याचं तिला किती वाटत होतं हे मला त्या संध्याकाळी कळलं. बसमधून उतरली ती एका हाताने ती डबी घट्ट धरून, मंगळसूत्र सांभाळावं तशी. मी डबी उघडून दात तळहातावर घेतला. कुरमुऱ्याएवढा, कुरमुऱ्याइतकाच हलका. वरची कड धारदार, पांढरीशुभ्र. खालून पोकळ, आणि त्या पोकळीच्या काठाला सुकलेल्या रक्ताची एक तपकिरी रेघ. दुधाच्या दाताचं मूळ पडायच्या आधी आतल्या आत विरघळून जातं, खालून येणाऱ्या नव्या दाताला वाट करून देतं, म्हणून तो असा तळ नसलेला दिसतो. हे मला ठाऊक होतं, पण आपल्याच पोरीच्या तोंडातला तो एवढासा पोकळ तुकडा हातात आल्यावर काहीतरी निराळंच झालं. हा दात आला तेव्हा मी तिला मांडीवर घेऊन रात्रभर फेऱ्या मारल्या होत्या. सातव्या महिन्यात, अंगात बारीक ताप, हिरड्या सुजलेल्या. चमच्यावर टक्क वाजला तेव्हा मी आईला भारतात फोन लावला होता. आणि आता तो घर सोडून निघालाही.

रात्री साडेअकराला नवऱ्याने विचारलं, "किती ठेवायचे?"

तो पाच म्हणाला, मी दोन म्हणाले. मग लक्षात आलं की घरात रोख पैसेच नाहीत. आम्ही दोघं भाजीपासून पेट्रोलपर्यंत सगळं कार्डाने घेतो. गाडीत दोन क्वार्टर आणि चिकट झालेल्या चार-पाच पेन्या सापडल्या. देवघरातल्या चांदीच्या वाटीत आईने निघताना दिलेले अकरा रुपये होते. माझ्या पर्समध्ये एकच नोट, वीसची, केस कापणाऱ्या बाईंना टिप द्यायची म्हणून कधीतरी काढलेली. इतक्या रात्री ती मोडून कोण देणार? पहिला दात एकदाच पडतो, राहू दे, असं म्हणून आम्ही ती ठेवली. अंधारात उशीखाली हात सारला. तिथली ऊब, खोबरेलाचा वास, तिच्या श्वासाची नव्या फटीतून येणारी बारीक शीळ. डबी काढून घेतली, घडी घातलेली नोट सरकवली आणि पावलं न वाजवता बाहेर आले. मला खूप आनंद झाला होता. आज एक काम नीट पार पडलं असं वाटत होतं.

त्या मुलाने विचारलेल्या प्रश्नानंतर मी दुपारी कामातून वेळ काढून शोधत बसले की इथे लोक ठेवतात तरी किती. तर त्याचा चक्क दर निघतो. दातांचा विमा विकणारी डेल्टा डेंटल ही कंपनी 1998 पासून दरवर्षी पालकांना विचारून सरासरी काढते. तेव्हा ती 1 डॉलर 30 सेंट होती, 2023 मध्ये 6 डॉलर 23 सेंटपर्यंत चढली आणि मग उतरत 2025 मध्ये 5 डॉलर 1 सेंटवर आली. त्याची तुलना शेअर बाजाराच्या निर्देशांकाशीही करतात. त्याआधीचा हिशोब ठेवला तो रोझमेरी वेल्स नावाच्या बाईंनी. त्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या दंतवैद्यक शाळेत शिकवायच्या. ही परी आली कुठून याचं धड उत्तर कुणाकडेच नाही हे बघून त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं त्यात घातली आणि शिकागोजवळच्या डिअरफील्डमध्ये राहत्या घरातच तिचं संग्रहालय उघडलं. त्यांच्या नोंदींप्रमाणे 1900 साली एका दाताला 12 सेंट मिळत आणि 1980 साली एक डॉलर. मला त्या बाई वाचताक्षणी आवडल्या. ज्या गोष्टीला सगळे हसून सोडून देतात तिच्यामागे मन लावून जाणारी माणसं मला नेहमीच जवळची वाटतात.

पण माझं मन अडकलं ते आणखी मागच्या एका नोंदीवर. 1908 च्या सप्टेंबरात 'शिकागो डेली ट्रिब्यून'मध्ये घरगुती सूचनांच्या सदरात एका वाचक बाईंनी या परीबद्दल लिहिलं होतं. छापील मजकुरात ती दिसते त्या अगदी जुन्या जागांपैकी ही एक. हलणारा दात काढू न देणाऱ्या हट्टी मुलाला परीची गोष्ट सांगा, दात उशीखाली ठेवायला लावा, सकाळी तिथे एखादी छोटीशी भेट असू दे. आणि आयांनी पाच सेंटवाल्या काउंटरवर जाऊन अशा भेटी आधीच आणून ठेवाव्यात, असा त्याचा आशय. म्हणजे तिथे पैसे नाहीतच. पाच सेंटची कसलीशी वस्तू. आणि ती दाताबद्दल नाही, भीतीबद्दल. तुझ्या तोंडातून काहीतरी तुटून पडणार आहे, रक्त येणार आहे, पण घाबरू नकोस, कुणीतरी येऊन बघून जाणार आहे, एवढंच त्या आयांना सांगायचं होतं. पुढे वस्तूची नाणी झाली, नाण्यांच्या नोटा झाल्या, आणि मग एक सहा वर्षांचा मुलगा भर थंडीत उभा राहून आपला दात किडका होता का असं विचारू लागला.

आमच्या देवरुखच्या घरी दात कौलांवर टाकायचा असे. माझा पहिला दात पडला तो पेरू खाताना. आजीने आधी चूळ भरायला लावली. तांब्यातलं पाणी गार होतं आणि तोंडात लोखंड चाटल्यासारखी रक्ताची चव. मग ती मला मागच्या अंगणात घेऊन गेली, न्हाणीघराच्या उतरत्या कौलांसमोर उभं केलं आणि म्हणाली, "म्हण, उंदीरमामा, उंदीरमामा, माझा दात तुला, तुझा दात मला." मी म्हटलं आणि दात फेकला. तो कौलावर टिकटिक वाजत वर गेला आणि घरंगळत पुन्हा पायाशी आला. आजी म्हणाली, "जोर कर की गो." दुसऱ्या खेपेला तो दोन कौलांच्या सांध्यात कुठेतरी अडकला. मी बराच वेळ मान वर करून बघत होते. पावसाने काळी पडलेली कौलं, त्यावर शेवाळ, वर फणसाची फांदी. उंदीर दिसला नाही. तो रात्री येतो, आजी म्हणाली. उंदराचेच दात का, असं मी विचारलं होतं. तर त्याचे झिजत नाहीत म्हणून, असं उत्तर मिळालं. उंदराचे पुढचे दात मरेपर्यंत वाढत राहतात हे शाळेत कळलं तेव्हा मला आजीचा अभिमान वाटला होता. तिथे पैशाचा प्रश्नच नव्हता. दाताला दात, इतका सरळ व्यवहार. शेजारच्या वाडीतल्या मुलाला उंदीरमामाने माझ्यापेक्षा जास्त दिलं असं होण्याची सोयच नव्हती, कारण सगळ्यांना शेवटी दातच येत असे.

तेव्हा सगळं कसं निर्मळ होतं, असं मला म्हणायचं नाही. मुलांच्या हातावर पैसे आमच्याकडेही ठेवत. पाहुणे निघताना चपला घालता घालता "घे, खाऊला" म्हणत. आई "कशाला, कशाला" करी आणि नोट फ्रॉकच्या खिशात जाईच. दोन मावश्या एकाच दिवशी आल्या तर कुणी किती दिले हे आम्हा भावंडांना बरोबर ठाऊक असे. एक मावशी नेहमी चार आणे द्यायची. ती गेल्यावर आम्ही काहीतरी बोललो आणि आईने ऐकलं. ती रागावली नाही. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर तिने कपाटातून आहेराची वही काढली आणि मला शेजारी बसवलं.

लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही. आत आईचं तिरकं, गाठी मारल्यासारखं अक्षर. मुंज, लग्न, बारसं. कुणाचं, कुठे, त्यांनी काय केलं, आपण काय केलं. स्टीलचं पातेलं. खण-नारळ. अकरा रुपये. एकवीस रुपये. मला वाटायचं ही वही उधारीची आहे, कुणाचं किती फेडायचं राहिलं ते लिहायची. आई म्हणाली, फेडायचं त्यात आहेच, पण मी ती उघडते ती वेगळ्याच कारणासाठी. ज्याने अकरा दिले त्याच्या घरी आपण एकशे एक घेऊन गेलो तर त्याला ते पेलवत नाही. पुढच्या वेळी तो आपल्याकडे येताना दहा वेळा विचार करतो, आणि एक दिवस यायचाच बंद होतो. द्यायचं ते त्याची मान वर राहील असं द्यायचं. मी तेव्हा आठ वर्षांची असेन. वहीला कापूर आणि डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता आणि माझं लक्ष अर्धं खेळण्यात होतं. पण ते वाक्य कुठेतरी जाऊन बसलं होतं, कौलांच्या सांध्यातल्या दातासारखं, आणि एडिसनच्या बसस्टॉपवर त्या पोराचा बर्फ उकरणारा बूट बघून ते खाली घरंगळलं.

मी एकशे एक घेऊन गेले होते.

शेजारच्या घरात तो मुलगा, त्याची आई आणि आजी राहतात. कोलंबियाचे. आई एका गोदामात रात्रपाळी करते, सकाळी घरी येते तेव्हा मी कामावर निघत असते. आमचं बोलणं म्हणजे गाडीच्या काचेतून हात हलवणं. शनिवारी मी साजूक तुपातला शिरा घेऊन गेले. जाताना पाय जड झाले होते. हे काय बोलायचं आणि कसं? एकोणीस डॉलर पाकिटात घालून देण्याचा विचारही मनात येऊन गेला, आणि लगेच आईचा चेहरा समोर आला. शेवटी मी घडलं ते तसंच सांगितलं: घरात सुट्टे नव्हते, वीसची एकच नोट होती, आमची चूक झाली. ती ऐकत होती. मग म्हणाली, त्या दिवशी संध्याकाळी त्याने तीन वेळा दात घासले. तिने विचारलं तर म्हणाला, पुढच्या दातासाठी.

आम्ही दोघीही काही वेळ गप्प होतो.

कोंडी फोडली ती आजीने. तिला इंग्रजी कळतं, बोलायला आवडत नाही. ती स्पॅनिशमध्ये सांगायची आणि सूनबाई मला इंग्रजीत. तिच्या लहानपणी परी नव्हतीच, उंदीर होता. रातोन पेरेस. मी इतक्या जोरात "उंदीर?" म्हणाले की ती दचकली. मग मी तिला कौलं, न्हाणीघर, उंदीरमामा सगळं सांगितलं, हात उंच करून दात फेकून दाखवला. तीही उठून उभी राहिली. तिचा उंदीर नाणं ठेवून जातो, माझा दात देऊन जातो, एवढाच फरक. घरी येऊन मी त्याच्याबद्दल वाचलं. स्पेनचा राजा आल्फोन्सो तेरावा लहानपणीच गादीवर बसलेला. तो आठ वर्षांचा असताना त्याचा दात पडला म्हणून लुईस कोलोमा नावाच्या पाद्र्याकडून दरबाराने त्याच्यासाठी एक गोष्ट लिहवून घेतली. माद्रिदमध्ये आरेनाल रस्त्यावर आठ क्रमांकाच्या घराला या उंदराच्या नावाची पाटीसुद्धा आहे, कारण गोष्टीत तो तिथल्या मिठाईच्या दुकानात बिस्किटांच्या डब्यात राहतो. पण त्या गोष्टीत पुढे काय होतं ते वाचून मी रात्री उशिरापर्यंत जागी राहिले. उंदीर त्या बालराजालाही उंदीर करतो आणि आपल्याबरोबर रात्रीच्या फेरीला नेतो. कुठे? तर माळ्यावरच्या एका खोलीत राहणाऱ्या गरीब मुलाकडे. त्याचाही दात पडलेला असतो. एका मुलाला कळावं, की आपल्यासारखाच दात दुसऱ्याचाही पडतो, इतकी साधी ती फेरी. राजासाठी लिहिलेल्या गोष्टीत ती घालावीशी वाटणाऱ्या माणसाला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

रकमेचं त्या दिवशीच शिऱ्याच्या वाट्या रिकाम्या होईपर्यंत ठरलं. दोन्ही घरी एकच डॉलर, पण नोट नाही, नाणं. सोनेरी डॉलरची नाणी इथे 2000 सालापासून आहेत, वापरात मात्र फारशी दिसत नाहीत. बँकेत काउंटरवर मागितली तर पंचवीस नाण्यांची गुंडाळी देतात. आम्ही दोघींनी एकेक आणली. कागद सोडून मी ती ताटात ओतली तेव्हा लक्ष्मीपूजनाच्या दिवसाचा आवाज झाला. नाण्यावर साकागावीया आहे, शोशोनी या मूळ अमेरिकी जमातीतली तरुण बाई, अमेरिकेच्या पश्चिमेचा शोध घेणाऱ्या लुईस आणि क्लार्कच्या मोहिमेबरोबर हजारो मैल चाललेली. खांद्यावरून मागे वळून बघतेय आणि पाठीला झोळीत तान्हं बाळ बांधलेलं. दुधाचे दात वीस. एक गेला, एकोणीस उरले. सहा नाणी जास्तीची होतील. हा हिशोब करताना मला एकदम पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. एकोणीस खेपा. शेवटची दाढ बाराव्या वर्षाच्या आसपास पडते म्हणतात, आणि तोवर ती या परीवर विश्वास ठेवणार नाही हे उघड आहे. या ताटातली किती नाणी खरोखर अंधारात ठेवायची वेळ येईल?

दुसरा दात एप्रिलच्या शेवटी पडला, पहिल्याच्या शेजारचा. सकाळी ती नाणं घेऊन स्वयंपाकघरात आली, आधी त्यावरचं बाळ दाखवलं आणि मग म्हणाली, "आई, मागच्या वेळी एवढे आणि आता एकच का?" मी चहा गाळत होते. म्हटलं, "मागच्या वेळी तिच्याकडे सुट्टे नव्हते." यातला शब्दन्‌शब्द खरा होता आणि तो तिला पटला. तिने थोडा विचार केला. "मग मी उरलेले परत देऊ का?" असं विचारलं, पण आवाज इतका बारीक झाला की मी नको म्हटलं. मला अजूनही कळत नाही, मी हो म्हणायला हवं होतं की नाही.

दोन्ही दात माझ्याकडे आहेत. याबद्दल कुणी मला आधी सांगितलं नव्हतं. आमचा दात उंदीरमामा नेत असे, तो कायमचा जाई. इथे परी दात नेते म्हणजे आई नेते, आणि मग त्याचं करायचं काय ते तिचं तिने बघायचं. कचऱ्यात टाकवेना. घराला उतरतं छप्पर आहे, पण तीन मजले उंच. आईला व्हिडिओ कॉलवर विचारलं तर म्हणाली, "अगं, तुळशीच्या कुंडीत पूर." कुंडी थंडीत आत खिडकीपाशी असते, तुळस काडीसारखी झालीय. मी बोट माती उकरेपर्यंत नेलं आणि मागे घेतलं. हळदीकुंकवाची एक जुनी पितळी डबी होती, आजीची. त्यात कापसावर ठेवलेत. हलवली की आवाजही येत नाही.

त्या सकाळी बसस्टॉपवर लेकीने नाणं काढलं. त्याच्या खिशातही होतं, त्याचाही दुसरा दात आदल्याच आठवड्यात पडला होता. दोघांनी नाणी शेजारी शेजारी धरली, उलटीपालटी केली. तिने त्याला सुट्ट्यांचं सांगितलं. त्याने मान हलवली, जणू त्याला आधीच तसं वाटत होतं. मग तो माझ्याकडे आला, मान मागे टाकली आणि खालचा ओठ दोन बोटांनी ओढून धरला. पहिल्या फटीत नवा दात वर आला होता. चांगला रुंद, कड करवतीसारखी बारीक दातेरी, नव्या दाताची असते तशी.

"चांगला आहे का?" त्याने ओठ तसाच धरून विचारलं.

मी चष्मा वर सरकवला आणि वाकून नीट बघितलं. बस यायला अजून वेळ होता.